घरचा अलार्म अवेळी वाजतो तेव्हा

घरफोडीची धास्ती घेऊन ज्याने चांगली रक्कम खर्ची घातली आणि दारे-खिडक्यांवर अलार्मची यंत्रणा बसवून घेतली, तोच गृहस्थ वर्ष-दीड वर्षात ती यंत्रणा स्वतःच्या हाताने बंद करून ठेवतो, हा प्रकार आपल्या शहरांतून इतका सर्रास आढळतो की, त्याचे कोणाला नवलही वाटेनासे झाले आहे. मध्यरात्री सायरन वाजतो, घर जागे होते, शेजारी गॅलरीत येतात, हाती काठी घेऊन सारे घर धुंडाळले जाते, कड्या-कुलपे जागच्या जागी सापडतात. आणि हे वारंवार घडू लागले म्हणजे शेजारी उठणे सोडतात व घरधनी यंत्रणा लावणे सोडतो. या दोहोंपैकी पहिली गोष्ट मला अधिक घातक वाटते; कारण यंत्रणा केव्हाही दुरुस्त करून घेता येते, परंतु सायरन ऐकूनही कूस बदलून निजण्याची सवय शेजाऱ्यांना एकदा लागली की ती लवकर मोडत नाही, आणि खरा चोर येईल त्या रात्री तर सारी भिस्त त्या शेजाऱ्यांवरच असते. म्हणून अवेळी वाजणाऱ्या अलार्मच्या तक्रारीची नीट शहानिशा व्हावयास हवी. अलार्म कारणावाचून वाजत नाही. कारण असते, मात्र ते चोराव्यतिरिक्त दुसरेच काही असते, आणि ते हुडकून काढणे बहुतेक वेळा सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातले काम असते.

या यंत्रणेचा स्वभाव प्रथम समजून घेतला पाहिजे. विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट ऑगस्टस रसेल पोप यांनी अमेरिकेत १८५३ साली मिळविले, आणि एडविन होम्स यांनी ते हक्क पुढे विकत घेऊन तिचा व्यापार उभा केला. पोप यांच्या रचनेत दार उघडले की विद्युत्मंडल जोडले जाई, विद्युत्चुंबकाला प्रवाह मिळे आणि हातोडी घंटेवर आदळू लागे. अशा रचनेत एक मोठी उणीव असते : तार मध्येच तुटली तर घंटा मुकी होते, आणि ती मुकी झाल्याची वार्ता घरात कोणालाच नसते. कालांतराने ही रचना उलटविण्यात आली. आजच्या तारांच्या यंत्रणेत दारे-खिडक्या बंद असताना मंडल जोडलेले असते, त्यातून अगदी अल्प प्रवाह अखंड वाहत असतो, आणि तो खंडित होताच पॅनेल सायरनला हुकूम सोडते. तार चोराने कापली काय, उंदराने कुरतडली काय, अथवा गंजलेल्या स्क्रूखालचा जोड सैल झाला काय, पॅनेलच्या दप्तरी तिन्हींची नोंद सारखीच होते. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथे तो जाणूनबुजून नाकारलेला आहे, आणि घराच्या बंदोबस्ताच्या दृष्टीने तेच योग्य आहे. अवेळी वाजणे हा या सावधपणाचाच दुसरा परिणाम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे यंत्रावरचा राग पुष्कळसा कमी होतो आणि तपासाला दिशा मिळते.

तपासाचा प्रारंभ कीपॅडपासून करावा. घरातील प्रत्येक दार, खिडकी वा खोली यांना पॅनेलमध्ये झोन म्हणून क्रमांक दिलेला असतो, आणि सायरन कोणत्या झोनमुळे वाजला हे कीपॅड सांगते. साध्या पॅनेलवर ही खूण यंत्रणा पुन्हा लावताच पुसली जाते. बऱ्या पॅनेलमध्ये मागच्या बऱ्याच घटना तारीख-वेळेसह साठविलेल्या असतात व त्या सावकाश वाचता येतात. म्हणून घाईघाईने कोड दाबून झोपी जाण्याआधी झोनचा क्रमांक टिपून ठेवावा. अर्थात हे सारे घर सुरक्षित असल्याची खातरजमा झाल्यावर. बाहेरून परत येत असता कुलूप फोडलेले किंवा ग्रिल वाकविलेली दिसली, तर तपासाचा विचार बाजूस ठेवून बाहेरच थांबावे आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना खबर द्यावी; आत पाऊल टाकू नये.

झोनच्या क्रमांकाबरोबर वेळ, पाऊस-वारा, वीज होती की नव्हती, पंखा किंवा एसी चालू होता काय, घरात कोण जागे होते, एवढा तपशील एका साध्या वहीत लिहीत गेल्यास काही आठवड्यांत त्या नोंदींतून एक सूत्र आपोआप वर येते. आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या बंगल्यात दिवाणखान्याचा अलार्म फक्त दुपारी उशिरा, आणि तोही थंडी ओसरू लागल्यानंतरच्या थोड्या दिवसांत वाजे. टेक्निशियनने सेन्सर बदलला, तरी तक्रार कायम राहिली. वहीतील वेळा एकाखाली एक मांडल्यावर दिसून आले की, त्या दिवसांत कलते ऊन पश्चिमेच्या झरोक्यातून थेट समोरच्या कोपऱ्यातील सेन्सरवर पडते आणि बाहेरच्या आंब्याची पाने हलली की ते ऊन क्षणोक्षणी झाकले-उघडले जाते. सूर्य थोडा सरकला की वर्षभर शांतता. झरोक्याला जाड पडदा लावून तो प्रश्न मिटला. सेन्सर, पॅनेल आणि तारा यांपैकी कोणाचाच त्यात कसूर नव्हता.

पहिला संशय यंत्रावर घेण्याचा प्रघात आहे. तो मला चुकीचा वाटतो. खोट्या अलार्मांचा सर्वांत मोठा वाटा घरातल्या माणसांच्या हातूनच घडत असतो, असे या व्यवसायातील अनुभवी मंडळी सांगतात, आणि घराघरांतील व्यवहार पाहिला तर ते पटते. सकाळी पोळ्यांना येणाऱ्या बाईंजवळ चावी दिलेली असते, कोड मात्र सांगितलेला नसतो. रात्रीपुरता पहारा लावताना दिवाणखाना चालू ठेवला जातो आणि पाणी प्यायला उठलेले आजोबा त्यातूनच स्वयंपाकघराकडे जातात. बाहेर पडण्यासाठी पॅनेल अर्ध्या-पाऊण मिनिटाची मुदत देते, आणि ती चपला शोधण्यातच संपते. अशा वेळी मुदत वाढवावी, रात्रीच्या मार्गातील झोन वगळावा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र कोड द्यावा. यासाठी मिस्त्री बोलवावा लागत नाही. पॅनेलसोबत मिळालेली पुस्तिका पुरते.

झोन दाराचा असेल तर दाराकडे जावे. दारावरचा सेन्सर म्हणजे चौकटीवर बसविलेला रीड स्विच आणि समोर दाराच्या फळीवर बसविलेला लहानसा चुंबक, अशी जोडी असते. हा स्विच बेल प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड यांनी १९३६ च्या सुमारास योजला. काचेच्या बारीक, दोन्ही टोकांनी बंद केलेल्या नळीत लोह व निकेल यांच्या मिश्रधातूच्या दोन नाजूक पट्ट्या एकमेकींच्या जवळ, पण एकमेकींना न शिवता, बसविलेल्या असतात. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. चुंबक किती दूर गेला म्हणजे पट्ट्या सुटाव्यात, हे अंतर सामान्यतः एक-दोन सेंटिमीटरचे असते, आणि आपल्याकडच्या लाकडी दारांचा सारा घोटाळा या सेंटिमीटरभर जागेत होतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, दार चौकटीत पुरते बसत नाही, कडी निम्मीच लागते. उन्हाळ्यात तेच लाकूड आक्रसते, दार आणि चौकट यांत फट पडते व वाऱ्याच्या झोताबरोबर फळी पुढे-मागे हलू लागते. कोकणातली जी घरे गणपती उरकल्यावर कुलूपबंद होतात आणि होळीपर्यंत उघडत नाहीत, त्यांच्या मागल्या दारावर हे दोन्ही ऋतू कोणाच्या देखरेखीवाचून आपला अंमल गाजवितात. त्यातच चुंबक स्क्रूने न बसविता दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावलेला असला, तर मे महिन्याच्या उष्म्यात तो टेप मऊ पडून चुंबक खाली घसरतो.

याची परीक्षा सोपी आहे. यंत्रणा टेस्टवर ठेवून, दार नेहमीसारखे बंद करून, ते हाताच्या तळव्याने आतून व बाहेरून जोराने ढकलून पाहावे. तेवढ्याने कीपॅडवरचा दिवा लुकलुकला तर दोष सापडला. बिजागऱ्यांचे स्क्रू आवळावेत, कडीचे भोक हवे तसे सरकवून घ्यावे, चौकटीला रबरी पट्टी लावावी, आणि मगच चुंबक किंचित जवळ आणावा. दार हलतेच ठेवून नुसता चुंबक जवळ आणला, तर पुढच्या ऋतूत तक्रार पुन्हा उभी राहते. लोखंडी सेफ्टी डोअरवर साधा चुंबक लावलेला असला तर लोखंड त्याचे बळ आपल्याकडे खेचून घेते व स्विचपर्यंत पुरेसे पोहोचू देत नाही. तेथे धातूच्या दारांसाठी बनविलेला मोठा सेन्सरच वापरावा लागतो, व शक्य तर चुंबकाखाली लाकडाची वा प्लॅस्टिकची चकती द्यावी.

परंतु सर्वांत अधिक गैरसमज आहे तो खोलीच्या कोपऱ्यात उंचावर बसविलेल्या पांढऱ्या डबीबद्दल, म्हणजे मोशन सेन्सरबद्दल. तो कॅमेऱ्याप्रमाणे पाहत नाही, किंवा स्वतः कोणताही किरण सोडत नाही. प्रत्येक उष्ण पदार्थातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. मानवी देहातून पडणारे किरण सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत प्रबळ असतात, आणि सेन्सर त्यांचीच वाट पाहत असतो. डबीच्या तोंडावर जे दुधी प्लॅस्टिक दिसते ते भिंग असून, त्यावर कोरलेल्या अनेक लहान भिंगांनी खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडलेले असतात. आत जो संवेदनशील स्फटिक असतो त्याचे दोन भाग परस्परविरुद्ध जोडलेले असतात. त्यामुळे सारी खोली हळूहळू तापली तर दोन्ही भागांना सारखीच उष्णता मिळते व परिणाम शून्य होतो, आणि एखादा उष्ण देह आडवा चालत गेला तर आधी एका व मग दुसऱ्या भागाला उष्णता मिळून विजेचा लहानसा स्पंद निर्माण होतो. थोडक्यात, आसपासच्या तापमानापेक्षा वेगळे असलेले आणि हलणारे असे काहीही त्याला कळते. ते माणूस आहे की अन्य काही, हे ठरविण्याची शक्ती त्याला फार थोडी दिलेली आहे.

एसीच्या झोताने हलणारा पडदा, वाढदिवसानंतर छताला टेकून राहिलेला व पंख्याच्या वाऱ्यावर फिरणारा गॅसचा फुगा, ग्रिलमधून आत आलेला बोका, हे सारे त्याच्या दृष्टीने सारखेच. आपल्या घरांत आणखी एक कारण असते, ते परदेशी पुस्तिकांत सापडावयाचे नाही : देवघरात रात्रभर तेवणारा नंदादीप. स्थिर ज्योत एक वेळ खपते. पण वाऱ्याने थरथरणारी ज्योत सेन्सरच्या समोर थोड्या अंतरावर असली, तर उष्णतेचा चढउतार अखंड चालू राहतो. त्यासाठी दिवा विझविण्याचे काही प्रयोजन नाही. सेन्सरचा रोख बदलावा, किंवा भिंगाचा देवघराकडे पाहणारा पट्टा आतल्या बाजूने चिकटपट्टीने झाकावा. पुष्कळ सेन्सरांसोबत याच कामासाठी कापलेल्या पट्ट्या मिळतात.

किडे-पाखरे हा स्वतंत्र विषय आहे. दूरच्या भिंतीवरून चालणारी पाल सेन्सरला सहसा कळत नाही, पण तीच पाल भिंगावर येऊन बसली की एकाच वेळी अनेक पट्टे झाकले जातात आणि तिचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा अंशभर जरी थंड वा उष्ण असले तरी ते पुरते. त्याहून त्रासदायक म्हणजे डबीच्या आत शिरणाऱ्या मुंग्या आणि कोळी. यंत्रणा टेस्टवर ठेवून डबीचे झाकण काढून पाहावे. टेस्टवर न ठेवता ते काढले, तर आतील टॅम्पर स्विचमुळे सायरन वाजेल, आणि ते यंत्राच्या दृष्टीने रास्तच आहे. आत हिरव्या पट्टीच्या मधोमध नखाएवढी धातूची टोपी असते व तिच्या माथ्यावर काळसर चौकोनी खिडकी. पावसाळ्यानंतर ही झाकणे उघडली तर अनेकदा त्या खिडकीसमोरून आडवा गेलेला कोळ्याचा धागा, एका कोपऱ्यात अंड्यांची पांढरी पुरचुंडी आणि तार आत येते त्या भोकापाशी मुंग्यांनी आणून टाकलेली माती आढळते. मऊ कोरड्या ब्रशने हे सारे झाडून काढावे, खिडकीला बोट लावू नये, आणि तारेचे भोक सिलिकोनने बुजवावे. भोक न बुजविता सेन्सर नवा आणला, तरी मुंग्यांना त्याची वाट ठाऊक असते.

उन्हाळ्याची गोष्ट याच्या उलट आहे, आणि तीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विदर्भात मे महिन्यात बंद घराच्या भिंती माणसाच्या त्वचेइतक्या तापतात. माणूस आणि भिंत यांतील उष्णतेचा भेद मावळतो आणि साधा सेन्सर समोरच्या माणसालाही ओळखेनासा होतो. तेव्हा मिस्त्री येऊन त्याची संवेदनक्षमता वाढवून जातो, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत तोच सेन्सर मांजराच्या सावलीलाही वाजू लागतो अशी ओरड सुरू होते. तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारे सेन्सर बाजारात मिळतात. नागपूर-चंद्रपूरकडे थोडे पैसे अधिक देऊन तेच घ्यावेत. उष्णतेबरोबर सूक्ष्मलहरींचीही साक्ष घेणारे दुहेरी सेन्सर खोट्या अलार्मांना आळा घालतात खरे, पण त्यातल्या लहरी प्लायवूडच्या भिंतीतून व काचेतून पलीकडे जातात, त्यामुळे ते मांडताना शेजारच्या खोलीचाही विचार करावा लागतो.

दार नीट आहे, सेन्सर स्वच्छ आहे, तरीही एकच झोन वाजत असेल, तर तारांकडे वळावे. येथे एक जुनी युक्ती फार उपयोगी पडते : संशयित सेन्सर आणि चांगला सेन्सर यांची अदलाबदल करावी. तक्रार सेन्सरबरोबर दुसऱ्या झोनमध्ये गेली तर दोष सेन्सरचा. मूळ झोनमध्येच राहिली तर तारेचा किंवा जागेचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सेन्सर, तार आणि पॅनेलची सेटिंग एकाच दुपारी बदलून टाकणारा कारागीर दोष घालवीलही, पण तो कशात होता हे त्याला अथवा आपल्याला कधीच समजणार नाही. तारांचा दोष बहुधा जोडात असतो. केसिंग-कॅपिंगची पट्टी उघडली की नुसते पीळ देऊन काळ्या टेपने गुंडाळलेले जोड दिसतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत त्यांवर हिरवट थर चढतो, रोध वाढत जातो आणि एखाद्या दमट रात्री पॅनेल त्यालाच तुटलेली तार समजते. मल्टिमीटरने त्या झोनचा रोध मोजताना कोणीतरी तार हळूच हलवावी. आकडा उड्या मारू लागला तर तो जोड कापून, झाळून पुन्हा करावा.

वीज गेल्यावर किंवा परत येताच सायरन वाजत असेल, तर बॅटरी तपासावी. तारांच्या पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांच्या आसपासची बंद बॅटरी असते. तिचे आयुष्य तीन ते पाच वर्षांचे, आणि पॅनेल माळ्यावर पत्र्याखाली कोंबलेले असल्यास त्याहून बरेच कमी. वीज असताना तिच्यावर साडेतेराच्या पुढे व्होल्ट दिसतात, यावरून काही सिद्ध होत नाही, कारण तो चार्जरचा दाब असतो. पॅनेलचा एमसीबी खाली करून तासाभराने पुन्हा मोजावे. आकडा बाराच्या बराच खाली आला तर बॅटरी गेली. ती फुगलेली दिसली तर मोजण्याचीही गरज नाही. बॅटरी बदलताना जुनी कचऱ्यात न टाकता दुकानदाराकडे परत द्यावी, आतील शिसे विषारी असते. पॅनेलच्या आत २३० व्होल्टची बाजूही असल्याने, ज्याला विजेच्या कामाची सवय नाही त्याने झाकण उघडण्याच्या भरीस पडू नये. बाहेरच्या भिंतीवरील कित्येक सायरनांना स्वतःची छोटी बॅटरी असते व पॅनेलकडून येणारा पुरवठा तुटला की ते आपणहून वाजतात. लांबलेल्या भारनियमनानंतर पॅनेल निपचित आणि सायरन मात्र गर्जतो आहे, अशी जी विचित्र स्थिती पाहावयास मिळते तिचा उलगडा हाच. वळवाच्या विजांचाही असाच उपद्रव होतो, कारण घरभर फिरविलेली लांब तार आभाळातल्या विजेचे धक्के अंगावर घेते. अर्थिंग नीट असणे हाच त्यावर पहिला उपाय. बिनतारी सेन्सरांत तारेचा प्रश्न नसतो, तेथे प्रत्येक सेन्सरच्या बॅटरीची तारीख वहीत लिहून ठेवली की निम्मे काम झाले.

शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार कायद्यानेही केलेला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि घरगुती सायरन जवळून ऐकल्यास १०० डेसिबलच्या पुढे असतो. संकटसमयी तो वाजणे वेगळे. पण मालक गावाला गेलेला आणि सायरन तासन्‌तास वाजतो आहे, ही गोष्ट कोणत्याही सोसायटीने सहन करू नये. पॅनेलमध्ये सायरनची मुदत ठरविता येते. ती काही मिनिटांवर आणावी आणि चावी व कोड जवळ असलेल्या एका विश्वासू माणसाचा क्रमांक वॉचमनच्या नोंदवहीत लिहून द्यावा.

दोष सापडला, दुरुस्ती झाली, म्हणजे लगेच सायरन जोडू नये. पुष्कळ पॅनेलमध्ये एखादा झोन परीक्षेवर ठेवण्याची सोय असते : त्या काळात तो झोन नोंद करतो, पण सायरनला हुकूम देत नाही. ती सोय नसेल तर जाणकाराकडून सायरनची तार तात्पुरती सोडवून घ्यावी. अशा स्थितीत आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत, आणि शक्य तर त्यांत एक वाऱ्या-पावसाची रात्र व एक वीज गेलेली रात्र यावी. त्यानंतर कीपॅडवरच्या नोंदी वाचाव्यात. त्या झोनपुढे एकही नोंद नसेल तर सायरन पुन्हा जोडून तसे शेजाऱ्यांना सांगावे. नोंद असेल तर तिची तारीख-वेळ वहीत चढवून टेक्निशियनला बोलवावे, आणि तो आला म्हणजे तोंडी कैफियतीआधी ती वही त्याच्या हाती द्यावी.